वीस नंबरचा बिल्ला

आमच्या जिन्याच्या तळाशी एक खोली आहे. तिच्या दाराच्या चौकटीवर, कडीच्या जरा वर, एक खिळा आहे आणि त्याला पत्र्याचा एक गोल बिल्ला लटकतो. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल, दोन्हीकडे काळ्या रंगात वीस हा आकडा. नवीन पोस्टमनला तो घराचा नंबर वाटतो. मग तो बिचारा एकोणीस नंबर शोधत जिना चढून माझ्या दारात येतो आणि मला त्याला काय सांगावं ते कळत नाही.

त्या खोलीत राहणाऱ्या गृहस्थांना सगळे बिल्लेकाका म्हणतात. एकतीस वर्षं ते एका लहान प्रवासी बोटीवर होते. बोट इथून दूरच्या ज्वालामुखी बेटांकडे जाते. एका फेरीला सोळा प्रवासी, फेरी दहा दिवसांची. बेटांवर वस्ती नाही, धक्का नाही. समुद्रातून वर आलेला काळा खडक, त्यावर ऊन खात पडलेले सील आणि अंडी उबवत बसलेले हजारो पक्षी. बोट लांब नांगर टाकते आणि प्रवाशांना रबरी होडीतून खडकापर्यंत नेतात. ती होडी हाकणं हे काकांचं काम. एका बेटावरचं बी दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून उतरण्याआधी प्रत्येकाच्या बुटांचे तळवे घासायचे, तेही त्यांचंच काम. मी शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढते आहे, पण पाहिलेला एकही नाही, कारण मला धक्क्यावर उभं राहूनच मळमळतं. त्यामुळे त्या बेटांबद्दल मला जे माहीत आहे ते काकांच्या आणि माझ्या मुलीच्या तोंडून ऐकलेलं.

बिल्ल्यांची पद्धत अशी. बोटीच्या शिडीपाशी एक फळी असते, तिला बावीस खिळे. एक ते सोळा प्रवासी, पुढचे सहा बोटीवरची माणसं. होडीत उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला लाल करायचा, परत आल्यावर पांढरा. फळी पूर्ण पांढरी झाल्याशिवाय नांगर उचलायचा नाही. आणि बिल्ला ज्याचा त्याने, आपल्या हाताने उलटायचा. नवरा-बायको असले तरी एकमेकांचा नाही. कप्तानसुद्धा स्वतःचा स्वतः उलटतो. फळी काकांच्या ताब्यात होती. पक्ष्यांची नावं त्यांना धड येत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, पक्षी मोजायला दुसरी माणसं आहेत, मी माणसं मोजतो.

दोन फेऱ्यांच्या मध्ये ते तीन दिवस खोलीवर असत. खोलीत खाट, एक स्टोव्ह आणि समोरच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. त्यांची बायको फार पूर्वी बहिणीकडे राहायला गेली ती तिकडेच राहिली. भांडण झालं नव्हतं म्हणे. ते महिन्यातले सहा-सात दिवस घरी, उरलेले दिवस तिने भिंतीशी बोलायचं, त्यापेक्षा बहीण बरी. हे त्यांनी मला आमचा नळ दुरुस्त करताना सांगितलं होतं, वॉशर बदलतात त्याच आवाजात. जमिनीवर असले की त्यांना करमत नसे. सकाळी दहालाच ते जिन्यात उभे राहून कुणाचं काही मोडलंय का ते विचारत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी खांद्याला लावून निघाले की चालच बदलायची. बोटीवर जेवणाच्या टेबलाशी त्यांची ठरलेली खुर्ची होती, आणि ती रिकामी दिसली तर विचारणारी एकवीस माणसं.

माझ्या मुलीला गेल्या वर्षी त्याच बोटीवर काम लागलं. प्राणिशास्त्र शिकलेली, प्रवाशांना घेऊन बेटावर हिंडायचं, पक्षी दाखवायचे. पहिला हंगाम परीक्षेचा, जमलं तर कायम. तिला एकोणीस नंबरचा बिल्ला मिळाला, काकांच्या अगदी शेजारचा. घरात आम्ही दोघीच. ती बाजारात गेली तरी माझं अर्धं लक्ष जिन्याकडे असतं, आणि ही तर नकाशावर ठिपका म्हणूनही न दिसणाऱ्या खडकांवर जाणार. निघण्याच्या आदल्या दिवशी मी खाली गेले आणि काकांना म्हणाले, ती वेंधळी आहे, तुम्ही जरा बघत जा. बोटीवर परतली की मला कळवा, बाकी काही नको.

एका बेटावर हवामानखात्याचा मनोरा आहे, त्याच्या टप्प्यात आलं की फोन चालतो. दर फेरीत तीन-चारदा तसं व्हायचं आणि मला काकांचा निरोप यायचा. दोनच शब्द. सगळे पांढरे. मुलगी स्वतः कधी कळवायची नाही; तिला दोन हात आणि दोन्हीत प्रवाशांच्या पिशव्या. त्या दोन शब्दांवर मी आठवडे काढले. वह्या तपासताना फोन समोर ठेवून बसायचे आणि निरोप आला की उठून चहा टाकायचे.

चौथ्या फेरीत, त्या मनोऱ्याच्या बेटावरच, दुपारी समुद्र खवळायला लागला. दोन होड्या माणसं परत आणत होत्या. काकांची पहिली निघाली तेव्हा मुलगी शेवटच्या चौघांना दुसऱ्या होडीत बसवत होती. तिचा एक पाय होडीतच होता, असं काका सांगतात. बोटीवर येऊन त्यांनी आपला बिल्ला पांढरा केला आणि त्याच हाताने शेजारचाही. ती येतेच आहे मागून. मग मला निरोप धाडला.

तेवढ्यात तिकडे एका निवृत्त दंतवैद्याच्या लक्षात आलं की दुर्बीण वाटेतल्या दगडावर राहिली. मुलगी उतरली. दुसऱ्या होडीवाल्याला म्हणाली, तुम्ही चला, काकांना सांगा मला न्यायला या. होडी बोटीला लागली आणि दंतवैद्याची बायको शिडीवर घसरली, कपाळ फुटलं, सगळे तिच्याभोवती. होडीवाला निरोप विसरला. कप्तानाने फळीकडे पाहिलं. बावीसच्या बावीस पांढरे. नांगर उचलला.

मला निरोप आला तेव्हा पावणेचार वाजले होते. मी चहा प्यायले आणि कधी नव्हे ती आडवी झाले. छान झोप लागली. त्या वेळी माझी मुलगी त्या बेटावर एकटी उभी राहून बोट लहान लहान होताना बघत होती.

दीड तासाने चहाच्या टेबलावर तिची खुर्ची रिकामी दिसली आणि बोट वळली. अंधार पडता पडता काकांनीच तिला खडकावरून उचललं. ती सीलांपासून दहा पावलांवर बसली होती, गळ्यात दुर्बीण. भीती वाटली का, असं मी पुढे तिला विचारलं. म्हणाली, भीतीपेक्षा वेगळंच होतं आई, तिथे इतके जीव होते आणि मी राहिले काय नि गेले काय, एकानेही मान वळवली नाही.

कप्तानाने सगळ्यांसमोर विचारलं, एकोणीस नंबर कुणी उलटला. मुलगी पटकन म्हणाली, कुणीच नाही, उतरताना मीच लाल करायला विसरले. कप्तानाला ते खरं वाटलं. परीक्षेचा हंगाम तिथेच संपला, बंदराला लागल्यावर तिने सामान उचलायचं, असं ठरलं. काका तिथेच उभे होते.

दोन दिवस ते गप्प होते. होडी हाकली, बूट घासले, जेवणाच्या टेबलाशी आपल्या खुर्चीवर बसले. मुलगी म्हणते, तिने त्यांना बजावलं होतं की मला दुसरी बोट मिळेल काका, तुम्हाला या वयात कोण घेणार. तिसऱ्या सकाळी, बंदर दिसायला लागल्यावर, ते कप्तानाकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. कप्तान त्यांच्यापेक्षा वयाने लहान, त्यांच्या हाताखाली होडी शिकलेला. त्याने जणू दार अर्धं उघडून दिलं.

"एकतीस वर्षांत एकदा हात चुकला, असंच ना?"

"एकदा नाही. गेले सहा आठवडे रोज."

एकदा म्हणाले असते तर राहिले असते, असं मुलीला वाटतं. मलाही वाटतं. रोज का, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. माझं नाव कप्तानाच्या खोलीत निघालंच नाही.

त्या दिवशी ते मुलीच्या आधी जिना चढून माझ्याकडे आले. आत आले नाहीत. दारातच, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, सगळं क्रमाने सांगितलं. मी एवढंच म्हणाले, "तुम्ही मला खोटं कळवलंत."

"हो," ते म्हणाले.

मी दार लावलं.

मुलगी बोटीवर कायम झाली. काकांना कंपनीने किनाऱ्यावरचं काम दिलं: रबरी होड्यांना ठिगळं लावायची, आणि बोट सुटायच्या दिवशी प्रवाशांचे बूट धक्क्यावरच घासून द्यायचे. बोट सुटते तेव्हा दोर तेच सोडतात. मग धक्क्यावर बराच वेळ कामाशिवाय उभे राहतात, असं दोर गुंडाळणारी माणसं सांगतात. आता रोज संध्याकाळी घरी येतात. भिंतीकडे उघडणारी खिडकी, स्टोव्ह, खाट. जिन्यात उभे राहून कुणाचं काही मोडलंय का ते विचारायचंही त्यांनी सोडलं आहे.

मी दोन आठवड्यांनी खाली गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, वर्गात जाण्यापूर्वी करते तसं, पण निघालं एवढंच की तुम्हाला बघत जा असं मीच सांगितलं होतं. ते स्टोव्हची वात कापत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, सांगणारा सांगतो. हात माझा होता."

वीस नंबरचा बिल्ला मुलीने आणला. नवीन होडीवाल्यासाठी नवा रंगवला होता, जुना फेकणार होते. काकांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला दाराच्या चौकटीवर लाल दिसला. ते कामाला गेले होते. संध्याकाळी पांढरा. तेव्हापासून रोज तसंच. जिन्यात आम्ही चार बिऱ्हाडं, माझ्याशिवाय कुणाला त्याचा अर्थ माहीत नाही. वरच्या मजल्यावरची मुलं येता-जाता तो उलटायची; मी त्यांना दम दिला.

बोटीवरून मला आता निरोप येत नाही. मुलीला मी तसं मागितलेलं नाही. दहा दिवस फोन समोर ठेवून बसते, चहा उगाचच टाकते. पण शाळेतून येताना, दूध आणताना, कचरा टाकायला जाताना माझी नजर खालच्या खिळ्याकडे जाते.

परवा सात वाजले तरी बिल्ला लाल होता. साडेसात, लाल. आठला मी चपला घालून खाली आले आणि पहिल्या पायरीवर उभी राहिले. कुठे जाऊन विचारायचं तेही सुचेना. सव्वाआठला ते आले, केस कापलेले, मान उघडी पडलेली. न्हाव्याकडे गर्दी होती म्हणाले. मग मी तिथे का उभी आहे ते त्यांना उमगलं असावं, कारण कुलूप तसंच सोडून ते थोडा वेळ किल्ली हातात घेऊन थांबले.

"मुलगी कधी येतेय?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

"वारा उलटा आहे. शुक्रवार धरा."

त्यांनी बिल्ला पांढरा केला. मी वर आले.