जळालेलं ऑइल

सत्तर सालच्या सुमारास मी लिलावातली लष्करी जीप घेतली. तिचं ऑइल मी घरासमोरच, स्वतः बदलायचो. मिस्त्र्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. खालचं बूच काढलं की काळं, जळालेलं ऑइल घमेल्यात पडायचं. दारांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून ते फासायला अख्खी गल्ली डबे घेऊन यायची. एकदा त्या वाटपाच्या गोंधळात मी बूच बसवायलाच विसरलो. वरून ओतलेलं नवंकोरं ऑइल सरळ घमेल्यात आलं. रांगेतल्या शेवटच्या मावशींनी त्यात बोट बुडवून तोंड वाकडं केलं.

"हे तं कच्चंच हाय गा. मले जळालेलं पायजे."

मी चडफडत बूच आवळलं, तेच ऑइल पुन्हा ओतलं आणि जीप सुरू केली. मावशी डब्यासकट शेजारच्या सीटवर चढल्या.

"नरखेडले जाऊन येऊ. तवरीक जळते ते."