एस्तेरबाई आणि हौसाचा डोळा

एस्तेरबाई गेल्याचं मला सांगलीत कळलं, शाळेच्या मधल्या सुट्टीत. रहिमतपूरहून चर्चच्या पाळकांचं पोस्टकार्ड आलं होतं. 'बाई मंगळवारी पहाटे शांतपणे प्रभूकडे गेल्या. तुमची आठवण काढत होत्या.' कार्ड हातात पडेपर्यंत माती होऊन चार दिवस झाले होते. पुढच्या तासाला मी वर्गावर गेले, फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि तशीच उभी राहिले... आज दीड महिन्यानं लिहायला बसले आहे.

मी रहिमतपूरच्या शाळेत नवी लागले तेव्हा बाई मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन चर्चमागच्या खोलीत एकट्या राहायच्या. आमची ख्रिस्ती मंडळी एवढी लहान की एखादं घर लग्नाला गेलं, तर त्या रविवारी गीत म्हणायला आवाज कमी पडायचा. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा या मूठभर माणसांना बाईंनी कामाला लावलं. माण तालुक्यातले बहुतेक पुरुष मुंबईत, आणि बायका म्हसवडच्या बाजूला सरकारी कामावर खडी फोडत होत्या. हातोडा बसला की दगडाची कपची उडते आणि ती नेमकी डोळ्यात जाते, हे बाईंनी कुणाकडून तरी ऐकलं. शनिवारी निघायचं, रविवारी दिवसभर कामावर बसून डोळे तपासायचे, असं त्यांनी ठरवलं. पाळक म्हणाले, "आणि रविवारची उपासना?" बाई म्हणाल्या, "शनिवारी सकाळी घ्या की. मी गीत म्हणेन." वर त्यांनी आम्हाला बजावलं, तिथं प्रार्थना मनातल्या मनात करायची. लोकांना आधीच भीती होती, की ही माणसं बाटवायला आली आहेत.

बाई पापणी उलटी करून ओल्या कापसाच्या टोकानं कपची अशी उचलायच्या, की समोरची बाई विचारायची, "काडली व्हय?" मी औषधाचे थेंब घालायची. चौथ्या का पाचव्या खेपेला हौसा आली. धनगराची सून, विशीतली, नवरा मुंबईला गोदीत. डोळा जरासा लाल होता. बाईंनी पापणी उलटून बघितली. रांग मोठी होती, ऊन डोक्यावर आलं होतं. "काही नाही आत. थेंब घाल," त्या मला म्हणाल्या. मी घातले.

पुढच्या रविवारी हौसा रांगेत नव्हती. तिचा सासरा, बाळू तात्या, काठी टेकत आला. "सून पडून हाय. डोळा लय ठणकतोय." बाई त्याच्या झोपडीत गेल्या आणि बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. बारीकशी कपची बुबुळातून आत गेली होती, आणि आठ दिवसांत डोळा पिकला होता. मिरजेला मिशनच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं म्हटल्यावर तात्या आडवा झाला. "तकडं नेऊन तिला तुमच्यातली करशिला. तिच्या नवऱ्याला मी काय सांगू?" बाई वाद घालत बसल्या नाहीत. "तात्या, तुम्ही बरोबर चला. तिला एक क्षण सोडू नका," एवढंच म्हणाल्या.

मिरजेच्या दवाखान्यात तात्या ओसरीवर बसून राहिला. आमच्या हातचं तो खाईना. बाईंनी कुठूनसं पीठ आणून दिलं, तीन दगड मांडून दिले आणि तो भाकरी भाजेपर्यंत लांब जाऊन बसल्या. डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आधी आला असतात तर कदाचित...

त्या संध्याकाळी बाई हौसाच्या खाटेशी गेल्या. मी मागे उभी होते. म्हणाल्या, "हौसा, त्या दिवशी मी नीट बघितलं नाही. कपची आत होती. माझ्या नजरेतून सुटली." मला वाटलं, कशाला सांगतात? कुणाला कळलं नसतं. हौसा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दाराशी उभा असलेला तात्या बोलला, "आवं बाई, न्हाई सांगितलं आस्तं तरी चाललं आस्तं." बाई म्हणाल्या, "मला नसतं चाललं, तात्या."

ही गोष्ट आमच्या आधी कामावर पोचली. पुढच्या खेपेला बाई नेहमीच्या जागी बसल्या आणि एकही बाई आली नाही. मी म्हटलं, परत जाऊ या. त्यांनी होकारार्थी मान हलवली, पण उठल्या नाहीत. दुपार कलली तशी खडीच्या ढिगाआडून हौसा आली. डोळ्यावर पट्टी, आणि हाताला धरून आणलेली दुसरी एक बाई. हौसानं तिला बाईंसमोर बसवलं. "हिचा बगा," म्हणाली, "सावकाश बगा." त्या दिवशी बाईंनी तो एकच डोळा किती वेळ बघितला म्हणून सांगू! त्यांचे हात स्थिर होते. गाल मात्र ओले होते, ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

दुष्काळ सरला, तरी बाई गेल्या वर्षापर्यंत महिन्यातून एकदा तिकडे जातच राहिल्या. मागल्या आठवड्यात मी रहिमतपूरला गेले, तर हौसा तिथं आलेली. तिलाही उशिराच कळलं होतं. तिनं खोली बघायला मागितली, म्हणून पाळकांनी कुलूप काढून दिलं. खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून एक लाकडी खुर्ची आहे. गावातलं कुणी डोळा दाखवायला आलं, की बाई त्याला तीत बसवत. हौसा चपला बाहेर काढून आत आली.

"हितं बसवायच्या व्हय?"

"हो."

ती त्या खुर्चीत बसली. तोंड उजेडाकडे केलं, मान जरा मागे टाकली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा पदरानं खुर्ची पुसली. पाळक पुढच्या महिन्यापासून त्या खोलीत मुलांचा वर्ग घेणार आहेत. बाकी सगळं सामान हलवा, म्हणून त्यांना सांगून आले आहे... खुर्ची तेवढी खिडकीपाशीच राहू दे.