इथे हात लावू नकोस

प्रोग्रॅमच्या मधोमध इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ होती: इथे हात लावू नकोस. टीममधल्या परप्रांतीय पोरांना तो काहीतरी गहन तांत्रिक शब्द वाटायचा. ती ओळ माझ्यासाठी लिहिलेली आहे, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मी सरांकडे शिकत होते. सूर्यात तयार होते तशी ऊर्जा इथे तयार करायची, तर आधी तापलेला प्लाझ्मा चुंबकांच्या मध्ये कोंडून ठेवावा लागतो. त्यातले कण कसे पळतील याचं गणित सरांचा प्रोग्रॅम करायचा. यंत्राच्या भिंतीवर आदळलेले कण तो एकेक करून, रांगेनेच मोजायचा आणि त्यांच्या ऊर्जेची बेरीज करायचा. मला कसली घाई होती कोण जाणे. मी रांग मोडली, काही कण दोनदा मोजले गेले आणि महिनाभराची उत्तरं मातीत गेली. सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि ती ओळ लिहिली. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

पुढे प्रोग्रॅम माझ्याकडेच आला. सर निवृत्त होऊन गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या आपल्या गावी गेले. घरून काम करायची मुभा मिळाल्यावर मीही रत्नागिरीला परतले. प्रोग्रॅम अडला की त्यांना फोन करायचा. प्लाझ्मा पाच मिनिटांत आटपायचा, मग तासभर गप्पा. किती सुखाचे होते ते फोन.

आता नवा सुपरकॉम्प्युटर आला. त्याचे हजारो हात, म्हणजे प्रोसेसर, एकाच वेळी चालतात. कणांची रांग लावली तर बाकीचे हात नुसते बसून राहतात. रांग मोडणं भागच होतं. पण मग बेरजेचा क्रम दर वेळी बदलणार, आणि कॉम्प्युटर प्रत्येक बेरजेत शेवटचे दशांश छाटत असल्याने उत्तरातले शेवटचे आकडे जुळणार नाहीत. सरांनी तर जन्मभर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवलेलं. त्यांना न विचारता हात लावायला मन धजेना.

मे महिन्यात लॅपटॉप घेऊन सरांच्या गावी गेले. सर खळ्यात वाळत घातलेली आमसुलं उलटत होते, एकेक, ओळीने.

"काय गो, वाट चुकलीस?"

मी सगळं सांगितलं. त्यांचे हात चालूच होते.

"ऊर्जेचा ताळा बसतो?"

"बसतो. फक्त शेवटचे आकडे हलतात."

"मग हलूदेत. खरा प्लाझ्मा तरी कुठे रांगेत चालतो?" पुढचं आमसूल उलटत म्हणाले, "रांग मोडायची कल्पना तेव्हाही बरोबर होती गो तुझी. मोडताना चुकलीस, एवढंच. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मला रडू आलं. लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. आमसुलाने लाल झालेल्या बोटाने त्यांनी ती ओळ स्वतः पुसली.

"अडलं तर फोन कर हां."

तेव्हापासून प्रोग्रॅम एकदाही अडलेला नाही. मी फोन हातात घेते आणि काय अडलंय म्हणून सांगावं, ते सुचत नाही.