बुक्कीनं फोडलेला कांदा
बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा वास आला, की माझे हात आजही गार पडतात. भीमपूरकडं आम्ही हॉकी खेळायचो ते मैदान काळ्या मातीचं, उन्हानं दगड झालेलं. मी बचावाला असायचे. स्टिकनं चेंडू अलगद काढून घ्यायचे, पण अंगाला अंग लागू द्यायचे नाही. "काऊन भेऊन राह्यली? खांदा लाव!" खेळाचे सर ओरडले, आणि मी लावला. समोरची मुलगी धाडकन पडली ती हलेचना. माझ्या हातातली स्टिक गळाली. कुणीतरी डब्यातला कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. कितीतरी वेळानं तिनं डोळे उघडले. "आता शिकली तू," सर मला म्हणाले. आज माझी लेक बचावाला खेळते. बाकीच्या आया चेंडूकडं पाहतात. मी पडलेल्या पोरीकडं पाहत राहते, ती उठेपर्यंत.