फोनवरची बाई

कॅनडात स्कारबरोच्या आमच्या रेस्टॉरंटात फोन उचलणारी बाई बारा वर्षांपासून एकच होती. तिचं नाव छोटंसं, इंग्रजी, कुणाच्याही जिभेवर सहज बसेल असं. रोजची गिऱ्हाइकं तिच्या गुडघ्याची चौकशी करायची. एका म्हाताऱ्याने तर ख्रिसमसला तिच्यासाठी चॉकलेटचा डबा आणून दिला होता. आता गंमत अशी की, ही बाई नव्हतीच. मालकांनी ती बनवली होती. जी मुलगी फोन उचलेल तिने तेच नाव सांगायचं आणि कुणी विचारलं तर बारा वर्षं झाली म्हणायचं, हा नियम. "कस्टमर को लगना चाहिए, यहाँ लोग टिकते हैं," असं ते म्हणायचे. टिकत कुणीच नव्हतं. आम्ही सगळ्या स्टुडंट नाहीतर नुकत्याच पास झालेल्या, परमिट संपलं की उडणाऱ्या. माझ्याआधी चौघी ती बाई होऊन गेल्या होत्या. गुडघा त्यांच्यापैकीच कुणीतरी दुखवून ठेवलेला.

मी नागपूरची. इथे दोन वर्षं कॉलेज केलं, त्यावर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं. परमिटवर काम कुठलंही करा, पण कायमचं राहायचं तर नुसत्या प्लेटा उचलून भागत नाही. वेट्रेसचं काम सरकार धरत नाही, सुपरवायझरचं धरतं, तेही पूर्ण वर्षाचं. मालकांनी मला सुपरवायझर केलं आणि मी ते काम खरोखर केलं. शिफ्ट लावल्या, नव्या मुली शिकवल्या, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. रागवायला तर मला शिकावंच लागलं नाही. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग नाही, रागालाच नाक फुटलंय.

वर्ष भरलं तसं अप्लाय केलं. सोबत मालकांचं पत्र लावलं, की ही आमची सुपरवायझर, हिच्या हाताखाली अमुक चार जणी, आणि चौघींची नावं. पत्रातला शब्द न् शब्द खरा होता. बाबांशी माझी बोली झाली होती: कागद झाले तर तुझं तू बघ, नाही झाले तर परत यायचं आणि आम्ही म्हणू तिथे लग्न करायचं. मुलगाही बघून ठेवला होता त्यांनी. परमिटचे दोन महिने उरले होते आणि इमिग्रेशनकडून ना हूं ना चूं.

त्या दिवशी सकाळी मी नव्या मुलीला झापलं. नाशिककडची पोरगी, अजून कॉलेजात शिकणारी, चार आठवड्यांपूर्वी लागलेली. स्टुडंट म्हणून आठवड्याला वीस तास कामाची परवानगी, त्याहून एक मिनिट जास्त नाही. तिने फोन उचलून स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडच्या जुन्या गिऱ्हाइकाने आमच्या बाईबद्दल विचारलं, तर ही म्हणाली, अशी कुणी इथे काम करत नाही. मी तिला मागे स्टोअररूममध्ये नेलं.

"तुला किती वेळा सांगितलं?"

"ताई, जी बाई नाहीच तिचं नाव मी काहून सांगू?" काहून हा आमचा नागपुरी शब्द ती माझ्याकडूनच शिकली होती, आणि मला तो नेमका तेव्हा झोंबला. "मला खोटं बोलणं जमत नाही हो."

"जमत नसेल तर दुसरीकडे काम बघ," मी म्हटलं. ती वॉशरूममध्ये जाऊन रडून आली. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. माझ्याच डोक्याला इतका ताप होता की दुसऱ्याचं रडणं ऐकूच येत नव्हतं.

दुपारी बफे आवरला. मालक डेंटिस्टकडे दात काढून घ्यायला गेलेले, स्वयंपाकी आत भांड्यांशी, आणि तो कधी फोनला हात लावत नसे. पुढे मी आणि ती. फोन वाजला, मी उचलला आणि सवयीने त्या बाईचं नाव सांगितलं.

"मी इमिग्रेशनमधून बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "तुम्ही इथे किती दिवसांपासून काम करता?"

"बारा वर्षं," मी म्हटलं. बाप्पा, तोंडातून निघूनच गेलं.

मग त्याने माझं नाव घेतलं, खरं. या तुमच्या सुपरवायझर का, त्यांच्याशी बोलता येईल का. तेव्हाच सांगायला हवं होतं की, सर, मीच ती. पण माझी अक्कल चरायला गेली होती. "वन मोमेंट प्लीज," म्हटलं आणि फोन होल्डवर टाकला. काउंटरला धरून दहा आकडे मोजले, होल्ड काढला आणि माझ्या नेहमीच्या नागपुरी इंग्रजीत हॅलो म्हटलं.

त्याने कामाचं विचारलं. मी धडाधड सांगितलं, सगळं खरं. माझा जीव जरा खाली बसला. तेवढ्यात तो म्हणाला, "आत्ता ज्यांनी फोन उचलला, त्या तुमच्या हाताखाली आहेत?"

"हो."

"पत्रात त्यांचं नाव नाही. त्या तर बारा वर्षं इथे आहेत म्हणाल्या."

त्याला काय वाटत असेल ते मला लख्ख दिसलं. एक बाई बारा वर्षं बिनकागदाची कामावर ठेवलीय आणि ही सुपरवायझर ती लपवतेय. आता आणखी एक शब्द खोटा बोलले असते तर सगळंच संपलं असतं.

"सर, अशी बाई नाही. ती मीच होते," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. मालकांचा नियम सांगितला, माझ्याआधीच्या चार जणी सांगितल्या, गुडघासुद्धा सांगितला. तो हसला नाही. टाइप केल्याचा आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे फोन कुणीही उचलला तरी तेच नाव सांगणार?"

"हो सर."

"ठीक आहे. दहा मिनिटांनी मी परत फोन करतो. तुम्ही उचलायचा नाही. आणि कुणाला काही सांगायचं नाही."

फोन ठेवला आणि वळून बघितलं, तर ती पोरगी कोपऱ्यात नॅपकिनच्या घड्या घालत बसलेली. खोटं बोलणं जमत नाही म्हणणारी. ती खरं बोलली की मी खोटी ठरणार होते. दोन पावलांवर होती हो. एक वाक्य पुरलं असतं. मी तिच्याजवळ गेलेही, पण मला बघून ती दचकून उभी राहिली, डोळे अजून सुजलेले. सांगितलं असतं तर घाबरून ततपप केलं असतं तिने, आणि त्या माणसाला पढवलेलं लगेच कळलं असतं. शिवाय, खरं सांगते, तिच्याकडे काही मागायला मला तोंडच नव्हतं. मी सॅलडच्या काउंटरवर गेले आणि कापलेला कांदा पुन्हा कापायला घेतला.

फोन वाजला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान वर केली नाही. तीन रिंग झाल्या, चार झाल्या. पाचव्या रिंगला तिने उचलला आणि बारीक आवाजात त्या बाईचं नाव सांगितलं.

"येस सर. बारा वर्षं, सर." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "नाही सर. सॉरी सर. चार आठवडे." माझ्या हातातली सुरी थांबली. "हे नाव माझं नाही. सुपरवायझरने सांगायला सांगितलंय... हो, आमच्या शिफ्ट तीच लावते. शिकवते. रागावते पण खूप. आज सकाळी मला म्हणाली, जमत नसेल तर दुसरं काम बघ. मी रडले, सर." तिकडून आणखी काहीतरी विचारलं असावं. "नाही, वाईट नाही. तिला सगळं काम येतं. पण ओरडते."

फोन ठेवून ती तशीच माझ्याकडे आली.

"ताई, कुणीतरी सर होते. मी तुमची तक्रार केली त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. मला काढू नका हो, दुसरं काम मिळायला फार वेळ लागतो."

मला एकदम रडू फुटलं, आणि कांद्यामुळे तिला ते कळलं नाही.

स्टाफने हॉलमध्ये बसायचं नाही, हाही मालकांचा एक नियम. मी तिला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, आतून गरम नान मागवला, भाजी वाढली आणि जवळ उभी राहून पाणी ओतलं. ती घाबरून एकेक घास खात होती. शेवटचं जेवण समजली असावी.

कागद परमिट संपायच्या नऊ दिवस आधी आले. बाबांना वाटतं, पोरीने मेहनत केली म्हणून तिला कॅनडाने ठेवून घेतलं. मी काही बोलत नाही. मला एका पोरीला रडवल्याबद्दल ठेवून घेतलंय, आणि तो फोन कुणाचा होता हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.