बगळ्याला न भिणारे मासे

इतक्या वर्षांच्या नोकरीतली ती एक तक्रार अजून मनातून गेलेली नाही. शेंदूरजनाघाटच्या बाजूला मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात झेंडूची शेती करणारी एक म्हातारी ठाण्यात आली.

"साहेब, आमच्या तळ्यातले मासे बगळ्याले भेऊनच नाई राहिले. कोनंतरी पान्यात काईतरी टाकलं."

हवालदार हसले. मला तिचा चेहरा पाहून हसू आलं नाही. शिवाय त्या तळ्यावर गावची गुरं पाणी पीत. मी जीप काढली.

उन्हाळ्यानं तळं आटून डबकं झालं होतं. बगळा एकेक मासा उचलत होता आणि बाजूचे मासे जागचे हलत नव्हते. काही उताणे तरंगत होते. म्हातारी काठावरून ओरडत होती, "पळा नं रे पोट्टेहो!"

तळ्याला मिळणाऱ्या नाल्यात, पुलाखाली, गोळ्यांची आणि औषधाच्या बाटल्यांची फाटकी पोती सापडली. पंचनामा करून पाण्याचे नमुने पाठवले. अहवालात झोपेची आणि घबराटीवरची औषधं निघाली. मत्स्यशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, अशा औषधांनी माशांची भीतीच जाते. शत्रू समोर आला तरी ते पळत नाहीत.

पुलाजवळ टेम्पो पाहिल्याचं लोक सांगत, पण कोणाचा, ते कोणी सांगेना. शेवटी म्हातारीच पुन्हा आली. खाली पाहत म्हणाली, "माह्या भाच्याचा व्हय, साहेब. मीच वाढवलं त्याले."

भाचा चौकशीत एकच बोलत होता, "मले काई मालूम नाई." दुपारी म्हातारी डबा घेऊन आली. "तक्रार मांगं घेत नाई मी. पन त्याले उपाशी नोका ठेवू."

मी तिला आत बसू दिलं.

"काहून केलं रे बाबू?" तिनं विचारलं.

त्याचा घास हातातच राहिला. तो रडू लागला. अमरावतीच्या एका ठोक औषधविक्रेत्यानं मुदत संपलेला माल भट्टीवर जाळायला पाठवण्याऐवजी कुठंही टाकून यायला सांगितलं होतं. "मले वाटलं, पान्यात विरघळून जाईन." त्या जबाबावरून आम्ही विक्रेत्याला ताब्यात घेतलं. दोघांवरही गुन्हा दाखल झाला. तळ्यातले बरेच मासे मात्र वाचले नाहीत.

आपलं माणूस पोलिसांपासून लपवणारे नातेवाईक मी खूप पाहिले. त्यांना मी दोष देत नाही. पण आपल्याच माणसाचं नाव सांगून, मग त्याच्यासाठी भाकरी बांधून आणणारी ती एकच. समोरच्याला दरडावण्याआधी जेवला का विचारायचं, ही सवय मला तिनंच लावली.

भाच्याचा जामीन झाला त्या दिवशी त्याला न्यायलाही तीच आली. तो मान वर करेना. तिनं त्याचा हात धरला.

"चाल घरी. नाल्यात आजूक पाकिटं रुतून हायेत, ते कोन काहाडीन?"