आक्काची शिंक

माझं अक्षर गिचमिड, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. चौथीच्या पुढं शाळा घडली नाही. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण आमच्या शेजारच्या आक्काएवढ्या शिंका अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणी दिल्या नसतील, हे मी लिहून देते.

पावसाळा सरत आला, गाजरगवताला पांढरी फुलं आली की आक्काचं नाक सुरू. एका दमात अकरा. ओला पदर नाकाला बांधून ती गल्लीतलं गवत उपटत हिंडायची, कपडे घरातच वाळवायची, आणि फुलांची भुकटी घरात नको म्हणून पाहुण्याला दारातच झटकून घ्यायची. जावयालाही सोडलं नाही. गावातल्या लोकांना मात्र कुणी निघताना आलेली शिंक म्हणजे अपशकुन. एकजण निवडणुकीचा फॉर्म भरायला निघाला, आक्का शिंकली. तो परत फिरून पाणी प्याला, निघाला, ती पुन्हा शिंकली. चौथ्या तांब्याला त्याचं पोट तट्ट फुगलं. "कावून शिंकतीस गं?" तो ओरडला. आक्का म्हणाली, "नाक माझं हाय, नशीब तुझं. दोन्हीचा भार मलाच कावून?"

बोलायला अशी, पण कुणी गावाला निघालं की गुपचूप मोरीत दार लावून बसायची.

माझी लेक नर्सिंग शिकायला बीडला निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आक्काला सांगून ये, आज बाहेर येऊ नको म्हणावं." मी गेले, आणि उगाच विरजण मागत उभी राहिले. आक्कानंच ओळखलं. "जा, मी बसते मोरीत," म्हणत तिनं आत जाऊन दार लावलं. तेवढ्यात लेक मागून आली. मोरीच्या दारावर थाप मारून म्हणाली, "आक्का, बाहेर ये. तुझ्या पाया पडल्याबिगर मी जात न्हाई." आक्का आली आणि अकरा शिंकली. लेकीनं मोजल्या. "झाल्या का? येते मग."

पुढं तिनंच आक्काला बीडच्या डॉक्टरकडं नेलं. परागकणांची ॲलर्जी निघाली. नाकात मारायचा फवारा मिळाला. गवत फुलायच्या आधीपासून रोज मारायचा.

यंदा लेक सुट्टी संपवून निघाली, तर आक्का आपणहून रस्त्यावर येऊन उभी. लेक हलेना. "आक्का, शिंक की. त्याबिगर निघाल्यासारखं वाटत न्हाई."

"येईना गं," म्हणत आक्कानं उन्हाकडं तोंड केलं, नाक चोळलं, शेवटी गवताचं फूल हुंगायला निघाली. लेकीनं हात धरला. तोवर गाडी गेली.

दुसऱ्या गाडीची वाट बघत आम्ही तिघी आक्काच्या ओट्यावर बसलो. सासूबाईंनी चार कप चहा आणला, आणि चौथा घेऊन त्याही आक्काशेजारी टेकल्या.